शनिवार तेल्यांच्या गावी

आरमोरीहून समुद्र पाहायला गेलेली माणसे परत येताना काय काय घेऊन येतात, याची आम्ही एकदा मनाशी नोंद ठेवली होती. शंखशिंपले, पांढऱ्या कांद्याच्या माळा, सुकी मासळी (हिच्यामुळे परतीच्या डब्यात आमची मंडळी फारशी लोकप्रिय राहिली नाहीत), आणि एका मित्राने भरून आणलेली समुद्राच्या पाण्याची बाटली. ती पुढे कित्येक वर्षे त्याच्या घरच्या फडताळात होती. आम्ही स्वतः आणले ते एक खोटे. आम्हीच ते बोललो होतो, आणि जेथे बोललो तेथेच सोडून यावे म्हटले तर ते सुटले नाही. त्याची हकीकत सांगायची आहे. मात्र तिच्यात यहुदी येतात, पोलंड येतो आणि तेलाचा घाणाही येतो. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

२००६ सालच्या फेब्रुवारीत आमच्या महाविद्यालयाची सहल निघाली. (येथेच एक खुलासा करून ठेवतो: या लेखातले 'आम्ही' कधी बत्तीस जणांचे आहे, तर कधी एकट्याचे. खोटे बोलणारे आम्ही एकटेच.) आरमोरी हे वैनगंगेच्या खोऱ्यातले, धानाच्या बांध्यांचे आणि कोशाच्या कापडाचे गाव. १९८२ साली चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तोवर आम्ही चंद्रपुरात होतो. येथून अरबी समुद्र गाठायचा म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा कापावा लागतो. एस.टी.ने नागपूर, तेथून रात्रीच्या गाडीने मुंबई, गेटवेहून लाँचने मांडवा आणि मग अलिबाग. बरोबरीच्या बहुतेकांनी तोवर पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे पुरातली वैनगंगा. लाँच मध्यावर आली, दोन्ही काठ धूसर झाले, तेव्हा नागपूरपासून गात आलेली मंडळी एकाएकी गप्प झाली.

कार्यक्रम साधा होता: कुलाबा किल्ला, मुरूड-जंजिरा, किनारा. यहुद्यांचा त्यात काही संबंध नव्हता. तो आला दुसऱ्या दिवशी, एका बिघडलेल्या गाडीमुळे. आमच्या मराठीच्या सरांचे अलिबागला एक स्नेही होते, निवृत्त शिक्षक. इस्राएलहून आलेल्या अठरा तरुण मुलामुलींना फिरवण्याचे काम त्या दिवशी त्यांच्याकडे होते. आजी-आजोबांचे कोकण पाहायला ही मुले आली होती आणि त्यांची भाड्याची गाडी सकाळीच रस्त्याकडेला बसली होती. आमच्या बसमध्ये दाटीवाटीने जागा होण्यासारखी होती. सरांनी किल्ला पुढे ढकलला. थोडी कुरकुर झाली. पण तासाभरात आरमोरीचे बत्तीस आणि इस्राएलचे अठरा, असे पन्नास जण एकाच बसने नवगावच्या रस्त्याला लागलो.

बेने इस्राएल लोकांची कथा मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही, तरी चार ओळींत सांगतो. फार प्राचीन काळी एक गलबत नवगावनजीक फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेते किनाऱ्यावर पुरली गेली, पुरुषांची एका उंचवट्याखाली आणि स्त्रियांची दुसऱ्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले होते. 'शेमा' ही एक प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि शनिवारची विश्रांती एवढे मात्र उरले. ही माणसे गावोगाव पांगली, तेल गाळू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हटली गेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली'. ज्या गावी राहिले त्याचे आडनाव झाले: केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर. चित्रपटातले डेव्हिड आठवत असतील. ते या चेऊलकरांपैकी. पुढे कोणी डेव्हिड राहबी आला आणि त्याने या विसरलेल्या लोकांना त्यांचा धर्म पुन्हा शिकवला, असे परंपरा सांगते. गलबत कधी फुटले याविषयी मते अनेक आहेत. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तोही तेल अवीवला.

१९४८ मध्ये इस्राएल झाले आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत यातले बहुसंख्य लोक तिकडे गेले. तेथे त्यांना काय विचारले गेले? तुम्ही खरे यहुदी कशावरून? १९६२ च्या सुमारास तेथील धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याचे फर्मान काढले. मोर्चे निघाले, धरणी धरली गेली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेला ठराव करावा लागला की हे लोक सर्वार्थाने यहुदी आहेत. २०१६ मध्ये जनुकीय अभ्यासानेही त्यांचा मध्यपूर्वेशी असलेला अंशतः संबंध दाखवून दिला. ज्या आजोबांचा जन्मदाखला नाही त्यांच्या जातीचा पुरावा हातात फाईल धरून शोधणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या पोरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. असो.

तर नवगाव. माडांच्या सावलीत जुने कबरस्तान आहे. आद्य कबरींवर काहीही कोरलेले नाही. गलबताची स्मृती म्हणून अलीकडच्या काळात एक स्तंभ उभारला आहे. पाहुण्या मुलांनी टोप्या घातल्या, प्रार्थना म्हटली, आणि मग सगळी थोडी अवघडून उभी राहिली. आम्हाला वाटले, आमच्या बत्तीस जणांच्या बघत राहण्याने त्यांना संकोच झाला असावा. कारण वेगळे होते. ते त्यांच्यातल्या एका मुलाने आमच्या मोडक्या इंग्रजीला पेलेल अशा इंग्रजीत सांगितले. त्यांच्या देशात १९८८ पासून सोळा-सतरा वर्षांच्या शाळकरी मुलांचे गट पोलंडला नेतात. आउश्वित्झ, मायदानेक, ट्रेब्लिंका. मुले तेथे झेंडे अंगाभोवती गुंडाळून चालतात, मेलेल्यांची नावे वाचतात, रडतात. तोही जाऊन आला होता. "तिथे कुठे रडायचे हे सांगावे लागत नाही," तो म्हणाला. "इथे आम्हाला कुणी काही केलेच नाही."

या वाक्याचा आम्ही नंतर पुष्कळ विचार केला. परदेशी जाऊन पूर्वजांचा वारसा पाहण्याच्या यहुदी तरुणांच्या सहलींचे दोन ठळक मार्ग आहेत. एक कबरींकडे जाणारा, पोलंडचा. दुसरा १९९९ पासून जगभरच्या यहुदी तरुणांना दहा दिवस फुकट इस्राएल दाखवणारा, 'बर्थराइट' नावाचा. पहिल्यात जे नष्ट झाले ते दाखवतात, दुसऱ्यात जे उभारले ते. कोकण या दोहोंतही बसत नाही. येथे प्रार्थनामंदिरे जाळली गेली नाहीत, वस्त्यांना कुंपणे पडली नाहीत. माणसे घरे विकून, शेजाऱ्यांना जेवायला घालून, बोटीत वा विमानात बसून निघून गेली. शेजारी मागे राहिले. अशा ठिकाणी सहलीने जाणाऱ्या विशीतल्या पोराने काय पाहायचे, हे कोणत्याच आयोजकाने ठरवलेले नसते. म्हणून तो कबरी आणि मंदिरे पाहतो, कारण पोलंडमध्ये तेच पाहिलेले असते.

अर्थात 'कुणी काही केले नाही' हेही पुरते खरे नव्हे. जातीच्या देशात आलेल्याला जात मिळतेच. तेल्याला जी पायरी मिळायची तीच शनिवार तेल्याला मिळाली. शिवाय त्यांनी स्वतःतही 'गोरे' आणि 'काळे' इस्राएल असे दोन भाग पाडले. गोरे काळ्यांशी सोयरीक करीत नसत. अठराव्या शतकापासून मुंबई वाढू लागली तशी ही मंडळी लष्करात, कारकुनीत, सुतारकामात शिरली. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युएल इझेकिएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. ते स्वतः लष्करी अंमलदार होते. लोक त्या मंदिराला मशीदच म्हणत आणि मस्जिद बंदर स्थानकाचे नाव त्यावरून पडले, असे सांगतात. शंभर-दीडशे वर्षांत घाणे मागे पडले, आणि 'बेने इस्राएल' हे नाव पुढे आले तसे 'तेली' हे नावही मागे पडले. त्यांना ते मागे टाकायचेच होते. आम्हाला हे त्या दिवशी ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर कदाचित आम्हीही वेगळे वागलो असतो, कदाचित नसतो.

नवगावहून सागाव-खंडाळ्याला गेलो. तेथे एक कातळ आहे, त्याला 'एलियाहू हनाबीचा टापा' म्हणतात. प्रेषित एलियाहू रथातून स्वर्गाला जाताना त्याच्या खुणा या खडकावर उमटल्या, अशी श्रद्धा आहे. नवस फेडायला लोक येतात आणि मलिदा करतात: भिजवलेले पोहे, खोबरे, गूळ आणि फळे. त्या दिवशीही केला. पोह्यांच्या बाबतीत आमची झाडीपट्टीची पोरे कोणाला हार जाणारी नव्हेत. दोन्ही गटांची खरी ओळख त्या पातेल्याभोवती झाली.

निवृत्त शिक्षकांनी खाता खाता सणांची नावे सांगितली. ती हिब्रू नव्हती. नव्याचा सण, खिरीचा सण, दारे लावून घरात उपास करायचा तो दारफळणीचा सण, बिरड्याचा रोजा. पुस्तकाविना राहिलेल्या लोकांनी पंचांग जणू चुलीवर लिहून ठेवले होते. नव्याचा सण ऐकल्यावर आमच्यातला एक माडिया मित्र उठून म्हणाला की आमच्यात नवे धान्य पंडुम केल्याशिवाय खात नाहीत. ते हिब्रूत जाईपर्यंत मराठी, इंग्रजी असे दोन पूल ओलांडावे लागले. पलीकडे काय पोहोचले कोण जाणे, पण माना हलल्या.

जेवणाआधी बस एका वाडीशी थांबली, पाणी प्यायला. घर आता दुसऱ्याच कुटुंबाचे होते. परसात माडाच्या बुंध्याशी एक मोठे दगडी उखळ होते आणि त्यात गुरांसाठी पाणी भरलेले होते. पाहुण्यांतले कोणी त्याकडे वळले नाही. आम्ही वळलो. आतल्या भिंतीची घासून गुळगुळीत झालेली उतरण आम्हाला ओळखीची होती. आमच्या घरामागे तसलेच लाकडी होते.

तेवढ्यात शिक्षक आले आणि त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतले. हा घाणा, म्हणाले; तुमचे पूर्वज यातून तेल काढीत. इंग्रजीत 'तेली' या शब्दाला एक स्वच्छ, जवळजवळ मानाचा अर्थ येतो. मुले कौतुकाने उखळाभोवती जमली. एका मुलीने विचारले, यातून तेल निघते कसे? शिक्षकांना ते नीट सांगता येईना. त्यांनी आमच्याकडे पाहिले. "तुमच्या विदर्भात तेली समाज मोठा. कोणी सांगा बरे."

एकतीस जणांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "आमच्याकडे धानाची शेती आहे. घाण्याचे काही ठाऊक नाही."

शेती होती, दोन एकर. तेवढ्यापुरते वाक्य खरे होते. आमचे आजोबा आणि पुढे वडील यांनी ज्या घाण्यावर संसार केला तो विजेची गिरणी येऊन बंद पडला होता, पण त्याची लाट अजून परसात आडवी पडलेली होती. आम्हाला सर्व ठाऊक होते. जवस किंवा तीळ उखळात घालतात. लाटेला जुंपलेला बैल डोळ्यांवर झापडे बांधून गोल फिरतो. दाणा चुरला की बेताने पाणी शिंपडावे लागते. जास्त झाले तर तेल बिघडते, कमी झाले तर ढेप धरत नाही. एका घाण्याला दीड-दोन तास लागत. मोहाच्या बियांचे तेल थंडीत थिजे आणि आम्हा पोरांना ते डबा उन्हात ठेवून पातळ करायचे काम असे. हे सारे एका दमात सांगता आले असते. पण तेली आडवा गेला तर काम होत नाही, असे म्हणून घरी परत फिरणारी माणसे आम्ही पाहिली होती. वसतिगृहात आमच्या उशीच्या अभ्र्याविषयी केले गेलेले विनोद ऐकले होते. समुद्रापर्यंत आल्यावर तरी ते नको होते. संत तुकारामांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी तेलीच होते, हे जयंतीच्या दिवशी भाषणात सांगणे सोपे असते.

मित्र काही बोलले नाहीत. आमच्या शेजारच्या गल्लीतला एक तर उखळाकडेच पाहत राहिला.

प्रश्न विचारणारी ती मुलगी अश्दोदची. तिची आजी अलिबागजवळच्या एका खेड्यातली, साठच्या दशकात गेलेली. मुलगी मराठी वाचू शकत नव्हती, पण आजीबरोबर वाढल्यामुळे थोडे बोलत असे. बसमध्ये ती आमच्या पुढच्या बाकावर होती. मागे वळून म्हणाली, "तुमचा जेवान झाला काय?" आमच्या बसमध्ये हशा उसळला. तो चेष्टेचा नव्हता, आनंदाचा होता. "हे पोट्टी त आपल्यासारखीच बोलते जी!" असे मागून कोणीतरी ओरडले.

आणि ते खरे होते. पुण्या-मुंबईच्या लोकांनी ज्यासाठी आम्हाला आजवर हसले, ते सर्व तिच्या बोलण्यात होते. 'पाणी' नव्हे, 'पानी'. तिच्या आजीच्या आगरी वळणाच्या बोलीत डोळ्याचा 'डोला' होतो, आमच्या झाडीबोलीत 'डोरा'. दोघांनाही 'ळ' साधत नाही, आणि हिब्रूत तर तो नाहीच. आमच्या सरांनी त्यावर तेथल्या तेथे एक तास घेतला. मुंबईत १८४६ मध्ये वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा हिब्रू आणि मराठीत शिळाछापावर छापली गेली. १८७४ मध्ये पुण्याला सचित्र निघाली, तीत बेखमीर भाकरीचे पीठ मळणाऱ्या बायका लुगडी नेसून उकिडव्या बसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास मुंबईचे बेने इस्राएल लोक अब्राहाम, योसेफ यांची आख्याने लावून मराठीत कीर्तने करू लागले. जोसेफ इझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. सर म्हणाले, ही सगळी मराठी छापील आणि शुद्ध. आजीची मात्र कोणी छापली नाही.

अलिबागची इस्राएल आळी आणि तेथले मागेन अबोथ मंदिर पाहिले. रेवदंड्याचे बेथ एल पाहिले तेव्हा संध्याकाळ झाली होती. या मंदिरांचे वर्णन करीत नाही. ती सुंदर आणि रिकामी आहेत, आणि ज्यांच्याकडे किल्ल्या आहेत ती माणसे अगत्यशील आहेत. २००८ नोव्हेंबरच्या हल्ल्यात मुंबईच्या नरीमन हाऊसमध्ये यहुदी माणसे मारली गेली. त्यानंतर पुन्हा एकदा मुंबईस जाणे झाले, तेव्हा प्रार्थनामंदिराच्या दाराशी पोलीस होते आणि वहीत नाव लिहावे लागले. पत्त्याच्या रकान्यात 'आरमोरी' वाचून पोलिसाने वर पाहिले. 'येथे कुणी काही केले नाही' म्हणणारा तो मुलगा तेव्हा आठवला. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर येथे उरले होते थोडके.

निरोपाच्या वेळी कागदाच्या चिठोऱ्यांवर ई-मेलचे पत्ते दिले-घेतले गेले. आरमोरीला परतल्यावर चार-पाच दिवस आम्ही परसात गेलो नाही. मग एका संध्याकाळी गेलो, लाटेवर बसलो आणि बाबांना विचारले, आपला घाणा कोणत्या वारी बंद असे? आमची अपेक्षा होती की ते सोमवार म्हणतील. महादेवाचा वार, मग कोकणातल्या सोमवार तेल्यांशी आमचा काही धागा जुळला असता आणि हा लेख बराच बरा झाला असता.

"बजाराच्या दिसी," बाबा म्हणाले. "त्या दिसी तेल इकाचा का गाराचा?"

दुसऱ्या दिवशी आरमोरीच्या एका सायबर कॅफेत बसून आम्ही त्या मुलीला पत्र लिहिले. तिला देवनागरी येत नसल्यामुळे मराठीच, पण रोमन लिपीत. त्या दिवशी आम्ही खोटे बोललो, असे लिहिले. घाणा कसा चालतो ते सगळे लिहिले: लाट, झापडे, पाण्याचा हात, ढेप. आम्ही तेली आहोत, हे शेवटी लिहिले. बहुधा प्रथमच, कोणी विचारलेले नसताना.

उत्तर पंधरा दिवसांनी आले. पत्र तिने आजीला मोठ्याने वाचून दाखवले होते. खोट्याविषयी दोघींनी काही म्हटले नव्हते. आजीचा एकच प्रश्न होता, आणि तो तिने आजीच्या शब्दांत जसाच्या तसा उतरवला होता: घाण्याला बैल होता का रेडा?

बाबांना विचारले. बैलच होता, पण मध्ये दोन साल हेला होता, असे ते म्हणाले. आम्ही तसेच कळवले, आणि 'हेला' शब्दापुढे कंसात 'रेडा' असे लिहिले.